आधी नोकरी, मग फी: लॅम्डा स्कूलचं प्रकरण

पदवी नसलेल्या माणसाला सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं असेल, तर पहिला प्रश्न पैशाचा येतो. बुद्धीचा नंतर. आठ-नऊ महिने पूर्णवेळ शिकायचं, म्हणजे तेवढे महिने कमाई बंद. त्यात लाखांची फी आधीच भरायची. बँक विचारते, पदवीचा अभ्यासक्रम आहे का? नसेल तर शैक्षणिक कर्ज मिळणं अवघड.

२०१७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या लॅम्डा स्कूलनं या प्रश्नाला थेट उत्तर दिलं. आज एक डॉलरही देऊ नका. घरी बसून ऑनलाइन शिका. वर्षाला ५०,००० डॉलर पगाराची नोकरी लागली, तरच पगारातून हिस्सा द्या. नाही लागली तर काही देणं नाही. पुढच्या सहा-सात वर्षांत किमान ११,००० विद्यार्थी-करार या शाळेनं केले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागानं, म्हणजे सीएफपीबीनं, याच शाळेला ग्राहकांना कर्ज देण्यास कायमची बंदी केली आणि तिच्या संस्थापक प्रमुखालाही दंड केला.

पुण्या-बंगळुरात ‘पे आफ्टर प्लेसमेंट’ या नावानं असेच करार समोर येतात, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं. आमच्या मते त्याची गुरुकिल्ली एका साध्या प्रश्नात आहे: विद्यार्थ्याच्या नावचे पैसे शाळेच्या खात्यात नेमके कोणत्या दिवशी जमा होतात?

शाळा कुठून आली

कोडिंग बूटकॅम्प हा प्रकार अमेरिकेत २०१२ च्या सुमारास रुजला. सॅन फ्रान्सिस्कोतला डेव्ह बूटकॅम्प हा त्यातला अगदी सुरुवातीचा. काही आठवड्यांचा दणकट अभ्यासक्रम, हजारो डॉलर आगाऊ फी, वर्गात प्रत्यक्ष हजेरी. शहरातली जागा, शिक्षकांचे पगार आणि जाहिरात या तिन्हींचा खर्च फीमधून निघेना. डेव्ह बूटकॅम्प २०१७ च्या अखेरीला बंद झाला. त्याच वर्षी द आयर्न यार्ड ही दुसरी मोठी शाळाही बंद पडली.

ऑस्टिन ऑलरेड आणि बेन नेल्सन यांनी लॅम्डा स्कूल काढलं ते याच वर्षी. नवउद्योगांना सुरुवातीचं भांडवल आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरच्या उन्हाळी तुकडीत ते होते. इमारत नाही, आगाऊ फी नाही, पदवीची अट नाही. गुंतवणूकदारांना हे फारच आवडलं: जानेवारी २०१९ मध्ये ३ कोटी डॉलर आले, ऑगस्ट २०२० मध्ये आणखी ७.४ कोटी. पैसा इतक्या वेगानं आला की विद्यार्थीसंख्याही तितक्याच वेगानं वाढवणं भाग होतं, आणि शिकवण्याचा दर्जा विद्यार्थीसंख्येइतका भराभर वाढत नाही.

कराराचा हिशेब

या कराराला तिकडे इन्कम शेअर अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, थोडक्यात आयएसए. कलमं अशी होती: वार्षिक पगार ५०,००० डॉलर किंवा जास्त झाला की कर कापण्याआधीच्या पगाराच्या १७ टक्के रक्कम दर महिन्याला द्यायची, २४ हप्ते पूर्ण होईपर्यंत किंवा एकूण ३०,००० डॉलर होईपर्यंत, जे आधी घडेल ते. पगार मर्यादेखाली गेला की हप्ते थांबत. असा थांबलेला काळ ६० महिने भरला की करार संपे.

आता आकडे घालून पाहू. ५०,००० डॉलर पगारावर वर्षाला ८,५००, म्हणजे महिन्याला ७०८ डॉलर. दोन वर्षांत १७,०००. ७०,००० पगारावर महिन्याला ९९२. दोन वर्षांत २३,८००. साधारण ८८,२०० डॉलर पगाराला ३०,००० ची कमाल मर्यादा गाठली जाते. १ लाख डॉलर मिळवणारा बाविसाव्या हप्त्यातच मोकळा होतो. म्हणजे मर्यादेचा फायदा वरच्या पगाराला. मधल्याला तिचा काहीच उपयोग नाही.

यातले तीन खड्डे विद्यार्थ्यांना सही करताना दिसत नसत. पहिला ‘कर कापण्याआधी’ या शब्दांत आहे. कर आणि इतर कपाती जाऊन शंभरातले ७८ हातात येत असतील, तर १७ टक्के हा हातातल्या पगाराचा जवळपास २२ टक्के होतो. दुसरा उंबरठ्याचा. ४९,५०० च्या नोकरीवरून ५०,००० च्या नोकरीवर गेलात, तर वर्षाला ५०० डॉलर वाढतात आणि ८,५०० जातात. पगाराची वाटाघाटी करताना हा उंबरठा डोक्यात ठेवावा लागतो, आणि पहिली नोकरी शोधणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

तिसरा खड्डा सगळ्यांत खोल. सीएफपीबीच्या म्हणण्यानुसार, एक हप्ता जरी चुकला तरी करार थकीत ठरे आणि ३०,००० ची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होई. ‘जोखीम नाही, कर्ज नाही’ असं सांगून विकलेल्या करारात हे कलम होतं. विभागानं निष्कर्ष काढला की हे कर्जच आहे, आणि त्यात सरासरी ४,००० डॉलरच्या आसपास वित्तखर्च, म्हणजे कर्ज घेतल्याबद्दल मोजावी लागणारी किंमत, दडलेला आहे. कायद्यानं कर्ज देणाऱ्याला जी माहिती कागदावर द्यावी लागते, ती इथे दिली गेली नव्हती, कारण शाळेनं त्याला कर्ज म्हटलंच नव्हतं.

शिकवलं काय जायचं

पूर्णवेळ अभ्यासक्रम सहा ते नऊ महिन्यांचा होता: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मग रिअ‍ॅक्ट, मग सर्व्हर आणि डेटाबेस, मग डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, शेवटी गटानं करायचा प्रकल्प. क्रम वाईट नाही. आजही बहुतेक बूटकॅम्प जवळपास हाच क्रम ठेवतात.

बिघडतं ते गतीमुळे. आठवड्याला एक नवा विषय, शुक्रवारी चाचणी, सोमवारी पुढचं. जावास्क्रिप्टमधलं असिंक्रोनस काम, म्हणजे सर्व्हरकडे मागणी पाठवल्यावर उत्तर येईपर्यंत बाकीचा कोड काय करतो, हे न कळताच विद्यार्थी रिअ‍ॅक्टवर पोचतो. मग त्याचा प्रोग्रॅम व्हिडिओतल्या कोडसारखा टाइप केला तर चालतो आणि एक ओळ बदलली की पडतो. का पडला ते शोधता येत नाही. मुलाखत घेणारा नेमकं हेच तपासतो. तो ‘हा एरर वाच आणि कुठे चुकलं ते सांग’ म्हणतो. तिथे पाच मिनिटांत कळतं की माणसानं कोड लिहिलाय की उतरवलाय.

दुसरी अडचण शिक्षकांची. लॅम्डामध्ये लहान गटांना मदत करणारे ‘टीम लीड’ बहुधा त्याच शाळेत थोडे पुढे असलेले विद्यार्थी असत. पुढच्या बाकावरच्यानं मागच्याला शिकवणं यात गैर काही नाही, पण त्याच्या वर अनुभवी माणूस हवा. ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात असलेला कोड ज्यानं कधी दुरुस्त केला नाही, त्याला कोडचं परीक्षण करता येत नाही. तो फक्त ‘चाललं का’ एवढंच बघतो.

तिसरी अडचण प्रकल्पांची. एका बॅचमधल्या शेकडो जणांचे गिटहबवरचे (कोड ठेवून इतरांना दाखवायच्या संकेतस्थळावरचे) प्रकल्प सारखेच असतात: खरेदीचं संकेतस्थळ, कामांची यादी, हवामान दाखवणारं पान. पदवीधराच्या बायोडेटाला कॉलेजचं नाव तरी असतं. पदवी नसलेल्याचा सगळा पुरावा म्हणजे हे प्रकल्प, आणि ते शेजारच्याच्या प्रकल्पासारखेच दिसत असतील तर पुराव्याला किंमत राहत नाही. खरा वापर असलेलं एखादं छोटं काम, उदाहरणार्थ ओळखीच्या दुकानाची उधारीची वही, दोन माणसं रोज वापरतात असं, अशा तीन नकलांपेक्षा जास्त बोलतं. त्यात बॅकअप कसा घेता, चुकून दोनदा नोंद झाली तर काय, असे प्रश्न खऱ्या वापरातून आलेले असतात.

८६ टक्के कशाचे?

जाहिरातींत शाळा सांगायची की ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांत नोकरी लागते. सीएफपीबीच्या आदेशानुसार, गुंतवणूकदारांना दिलेल्या अंतर्गत आकड्यांत हेच प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळ होतं, काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली. ऑलरेड यांनी एका बॅचचं प्लेसमेंट १०० टक्के झाल्याचं ट्विट केलं होतं; नंतर खासगी संदेशात त्यांनी मान्य केलं की त्या नमुन्यात एकच विद्यार्थी होता.

टक्का फुगवण्यासाठी खोटी नोकरी दाखवावी लागत नाही, भागाकारातला खालचा आकडा लहान केला की पुरतं. कल्पनेतली एक बॅच घ्या. १०० जण आले. ३० जण मध्येच सोडून गेले: कुणाचं घर चालेना, कुणी चाचणीत अडकला. ७० जणांनी पूर्ण केलं. त्यातले २० ‘सक्रियपणे नोकरी शोधत नाहीत’ असं ठरवलं, कारण त्यांनी ठरावीक संख्येनं अर्ज केले नाहीत किंवा आठवड्याच्या बैठकीला आले नाहीत. उरले ५०. त्यातल्या ४३ जणांना नोकरी लागली. ४३ भागिले ५०, झाले ८६ टक्के. पण प्रवेश घेणाऱ्याला हवा असलेला आकडा आहे ४३ भागिले १००.

वरच्या आकड्यातही खेळ असतो. शाळेनंच कामावर ठेवलेले टीम लीड, तीन महिन्यांचं कंत्राट, ग्राहकसेवेची नोकरी, आधीच्याच कंपनीत मिळालेली बढती, हे सगळं ‘नोकरी’त धरलं आहे का? म्हणून शाळेला टक्का विचारू नये. तारखेसह चार आकडे मागावेत: अमुक महिन्यात किती जण आले, किती जणांनी पूर्ण केलं, १८० दिवसांत किती जण डेव्हलपर म्हणून पूर्णवेळ लागले, आणि त्यांतले पदवी नसलेले किती. चौथा आकडा बहुतेक शाळा ठेवतच नाहीत. पदवी नसलेल्याच्या दृष्टीनं मात्र तोच महत्त्वाचा, कारण सरासरीत त्याच्या शेजारी विज्ञानाचे पदवीधर आणि आधी पाच वर्षं दुसरीकडे काम केलेले लोक बसलेले असतात.

करार विकला गेला

आता मुळाशी येऊ. शाळेचं सगळं आवाहन एका वाक्यावर उभं होतं: तुम्ही कमावल्याशिवाय आम्ही कमवत नाही. हे खरं असतं तर बाकीचे दोष आपोआप सुधारले असते. नोकरी न लागणारे विद्यार्थी म्हणजे शाळेला तोटा. मग शाळेनं शिक्षक वाढवले असते, प्रवेश कमी केले असते, गती उतरवली असती.

प्रत्यक्षात अनेक करार गुंतवणूकदारांना विकले जात होते आणि शाळेला दर करारामागे ७,००० ते १०,००० डॉलर आधीच मिळत होते. विद्यार्थ्याला नोकरी लागण्याची वाट पाहायची गरज उरली नव्हती. ज्या दिवशी करार विकला, त्या दिवशी शाळेची जोखीम दुसऱ्याकडे गेली आणि शाळेचा धंदा ‘नोकऱ्या लावणं’ वरून ‘करार करणं’ वर सरकला. त्यानंतर जास्त प्रवेश हेच उत्पन्न. मोठ्या बॅचेस, विद्यार्थीच शिक्षक आणि फुगलेला टक्का या गोष्टी वेगवेगळ्या चुका वाटतात, पण त्या एकाच बदलाच्या फांद्या आहेत.

इथे अमेरिकेतला एक जुना नियमही मोडला गेला. १९७६ पासून तिथे ‘होल्डर रूल’ आहे. विक्रेत्यानं उधारीवर माल दिला आणि ती उधारी तिसऱ्याला विकली, तर माल निकृष्ट निघाल्याची तक्रार ग्राहक त्या तिसऱ्यापुढेही मांडू शकतो. हे कलम करारात छापावंच लागतं. लॅम्डाच्या करारांत ते नव्हतं. म्हणजे शाळेनं नीट शिकवलं नाही, तरी करार विकत घेणाऱ्याला ‘मी हप्ता देणार नाही’ असं म्हणण्याचा हक्क विद्यार्थ्याच्या हातातून काढून घेतला गेला.

कारवाई

पहिला इशारा २०१९ मध्येच मिळाला होता. कॅलिफोर्नियाच्या खासगी शिक्षण नियामकानं परवानगीशिवाय शाळा चालवल्याबद्दल ७५,००० डॉलर दंड केला. २०२० मध्ये त्या राज्याची परवानगी मिळाली, पण आयएसए वापरायची नाही या अटीवर. २०२१ च्या अखेरीला शाळेनं नाव बदलून ब्लूम इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, थोडक्यात ब्लूमटेक, असं केलं.

एप्रिल २०२४ चा सीएफपीबीचा आदेश संमतीनं झाला. शाळेला ग्राहक-कर्जाच्या धंद्यात कायमची बंदी, ऑलरेड यांना विद्यार्थी-कर्जात दहा वर्षांची, आणि दोघांना मिळून १,६४,००० डॉलरहून थोडा जास्त दंड; त्यातले १ लाख ऑलरेड यांचे. शिक्षण संपलं पण ५०,००० ची नोकरी लागली नाही अशांकडून वसुली बंद. शिक्षण संपून १८ महिन्यांहून जास्त झाले आणि नोकरी लागली, पण पगार ७०,००० किंवा त्याहून कमी, अशांचा वित्तखर्च माफ. शिकत असलेल्यांना दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा. ज्यांनी आधीच हप्ते भरले त्यांच्या दृष्टीनं हे फार तोकडं आहे, असं आम्हाला वाटतं. गेलेले महिने कोणत्याही आदेशानं परत येत नाहीत.

इकडे तोच कागद समोर आला तर

भारतात ‘पे आफ्टर प्लेसमेंट’ म्हणून येणाऱ्या कागदामागे पुष्कळदा साधं एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं, कर्ज असतं. संस्था समुपदेशनाच्या कॉलवर ‘आत्ता काही भरायचं नाही’ म्हणते, दुवा पाठवते, आधार-पॅनची पडताळणी होते आणि शेवटी ई-मँडेटवर ओटीपी मागितला जातो. तो ओटीपी म्हणजे तुमच्या बँक खात्यातून हप्ता ओढण्याची परवानगी. एनबीएफसी फी थेट संस्थेला देते, संस्था मोकळी. नोकरी लागो न लागो, हप्ता ठरल्या तारखेला जातो आणि चुकला तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होतो. संस्थेनं नोकरी लागेपर्यंत हप्ते आपण भरू असं म्हटलं असेल, तर ते कर्जाच्या कागदात लिहिलेलं आहे का, हे पाहावं. संस्थेच्या पत्रात असून भागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्ज नियमांनुसार सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, द्यावंच लागतं. त्यात वार्षिक एकूण व्याजदर आणि ‘कूलिंग-ऑफ’ मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. असं पत्रक समोर आलं, तर समोरचा कागद कर्जाचा आहे हे नक्की समजावं, त्याला नाव काहीही दिलेलं असो.

खरा उत्पन्न-वाटा करार असेल तर उंबरठा सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चात) आहे की हातातल्या पगारात, हे आधी विचारावं. ५ लाखांच्या सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर मिळणारा व्हेरिएबल भाग धरलेला असतो. हातात महिन्याला ३५,००० च्या आसपास येतात. पुण्यात खोलीचं भाडं, खानावळ आणि प्रवास काढून त्यातून १५ टक्के द्यायचे, तेही सीटीसीवर, म्हणजे महिन्याला ६,२५०. फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा की धरून? ३ लाखांच्या फीवर तो ५४,००० होतो.

टक्क्यांच्या जाहिरातींबाबत आता आपल्याकडेही नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. हमखास निवड, नोकरीची खात्री असे खोटे दावे त्यात येतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवला आणि समुपदेशकाचं तोंडी आश्वासन लगेच ईमेलवर लिहून पाठवलं, तर तक्रारीला पाया मिळतो.

पदवीचा प्रश्न बाजूला राहत नाही

बूटकॅम्प कितीही चांगला असला तरी काही दारं पदवीशिवाय उघडत नाहीत, आणि हे आधी सांगणारी संस्था विरळा. भारतात मोठ्या आयटी सेवा कंपन्यांच्या नवोदित भरतीत दहावी-बारावीच्या गुणांसोबत पदवी मागतात. अर्जाच्या फॉर्ममध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान येत नाही. तिथे खोटं भरू नये: रुजू झाल्यावरही पार्श्वभूमी तपासणी होते आणि त्यात नोकरी जाते. दहा ते पन्नास माणसांच्या कंपन्या, एजन्सी आणि स्टार्टअप इथे प्रकल्पावर निवड होते; अर्जांचा रोख तिकडेच हवा, आणि शक्यतो ओळखीतून.

परदेशाचा विचार असेल तर हिशेब आणखी कडक. अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि कॉलेजच्या न झालेल्या एका वर्षामागे तीन वर्षांचा वरच्या दर्जाचा संबंधित अनुभव मोजतात. पदवी अजिबात नसेल तर चार वर्षांसाठी बारा वर्षं. अमेरिकेत जन्मलेल्या लॅम्डाच्या विद्यार्थ्याला ही भिंत आडवी येत नव्हती. आपल्या मुलांना येते.

म्हणून कोडिंग शिकत असतानाच पदवी चालू ठेवणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम जेईईशिवाय, पात्रता टप्पा पार करून घेता येतो, आणि मध्ये थांबलात तरी फाउंडेशन प्रमाणपत्र, डिप्लोमा, तीन वर्षांची पदवी असे टप्पे हाती राहतात. उत्पन्नानुसार फीत सवलतही आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नोकरी करता करता पदवी देतं. आणि बारावी किंवा डिप्लोमानंतर लगेच शिरायचं असेल, तर तामिळनाडूत झोहो या सॉफ्टवेअर कंपनीच्या शाळा आहेत: फी नाही, शिकताना विद्यावेतन मिळतं, आणि ज्या कंपनीनं शिकवलं तिलाच त्या मुलाकडून काम करून घ्यायचं असतं. तिथे वाईट शिकवलं तर नुकसान थेट शिकवणाऱ्याचं होतं.